आमच्या घरातला शुक्रवार

बहारीनमध्ये आमचे सगळे देव शुक्रवारी यायचे. गणपती बुधवारी बसू दे नाहीतर सोमवारी, आरतीला माणसं जमायची ती शुक्रवारी. संक्रांतीचं हळदीकुंकू शुक्रवारी, सत्यनारायण शुक्रवारी, आणि कोजागरीसुद्धा, चंद्र कडेनं कुरतडल्यासारखा दिसायला लागला तरी, शुक्रवारीच. सुट्टी तेवढी एकच. शेजारच्या सिस्टर मूळच्या वसईच्या, इस्पितळात नर्स होत्या. त्यांची चर्चमधली रविवारची मिस्सासुद्धा शुक्रवारी व्हायची.

"देवाला कळतं हो वहिनी," त्या म्हणायच्या. "तो पण इथे आला की इथल्या ड्यूटीप्रमाणेच चालतो."

माझी तर आणखीनच पंचाईत होती. सासूबाईंनी लग्नानंतर मला शुक्रवारचा उपास लावून दिला होता. आंबट खायचं नाही, गूळ-फुटाणे वाटायचे, सगळं रीतसर. पण हूरा या आमच्या वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत मटण आणून निवांत शिजवायला वेळ मिळे तो फक्त शुक्रवारी. मग मी काय केलं, तर माझा शुक्रवार उचलला आणि रविवारी नेऊन ठेवला. साताऱ्याला सासरी शुक्रवारी उपास नि रविवारी मटण, इथे शुक्रवारी मटण नि रविवारी उपास. कुणाचंच काही कमी झालं नाही. सासूबाईंना पत्रात लिहायचे, "उपास चालू आहे." तो होताच चालू. वार त्यांनी कधी विचारला नाही.

हे सांगायचं कारण असं की बहारीन तेल सोडून दुसऱ्या धंद्यांकडे वळलं, त्याचा इतिहास शहाणी माणसं लिहितील. आमच्या घरात तो आला तो वारांची अदलाबदल होऊनच.

आमचे हे रिफायनरीत टँकांवर होते. टँकांवर म्हणजे अगदी टँकांच्या डोक्यावर. गोल जिन्यानं वर चढायचं, झाकण उघडायचं, पितळी वजन लावलेली पोलादी टेप आत सोडायची, ती ओढून घ्यायची आणि तेल कुठवर लागलंय ते वाचायचं. वाचण्याआधी अंगठा टेपेवरून फिरवायचा. हे त्यांचं खास. अंगठ्याला लागलेल्या चिकटपणावरून हे डिझेल आहे की रॉकेल आणि खाली पाणी साठलंय का, ते सांगायचे. ही विद्या घरीही चाले. मी आमटी उतरवली की हे पळी उभी बुडवून बाहेर काढणार, अंगठा फिरवणार आणि म्हणणार, "तिघांची आहे. चौथा आला तर पाणी घालावं लागेल."

"चौथा आला तर त्याला तुमच्या टँकावर पाठवीन," मी म्हणायचे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. तेव्हा हूऱ्यात चार माणसं बसली की पाचवं वाक्य ठरलेलं, तेल संपणार. आखाताच्या या बाजूला तेल पहिल्यांदा बहारीनला लागलं आणि पहिल्यांदा संपणारही तिथलंच, असं किराणा दुकानदारसुद्धा तूर मोजता मोजता सांगायचा. सरकारनं म्हणून आधीच दुसरी तजवीज मांडली होती. दक्षिणेला ॲल्युमिनियमचा कारखाना, मोठमोठी जहाजं दुरुस्त करायची गोदी, आणि जगभरच्या बँकांना बोलावणं. बँकांसाठी आमच्या घराजवळचा समुद्र बुजवत होते. मी सकाळी गॅलरीत उभी राहायचे तेव्हा पूर्वी पाणी दिसायचं. मग खडी दिसू लागली, मग क्रेन, मग काचा. समुद्र दर महिन्याला थोडा लांब सरकायचा. मला त्याची सारखी रुखरुख लागायची. वाटायचं, समुद्राला जर हलवता येतं तर आपली काय कथा.

हे मात्र हसायचे. "विहिरी आटल्या तरी रिफायनरीला काय? शेजारच्या देशाचं तेल समुद्राखालच्या पाइपातून येतंय की. आमचा टँक कधी रिकामा नसतो."

यांच्याबरोबर टँकांवर एक बहारीनी होता, यांच्याच वयाचा. त्याचे आजोबा मोती काढायला समुद्रात बुड्या मारायचे आणि चुलते ते मोती विकायला मुंबईला जायचे, त्यामुळे याची हिंदी मुंबईची. घरी आला की मला भाभी म्हणायचा आणि माझ्या आमटीला सूप. एक दिवस त्यानं जाहीर केलं की तो रिफायनरी सोडून ॲल्युमिनियमच्या कारखान्यात चाललाय.

"अरे, तू इथला. तुला कोण काढतोय?" यांनी विचारलं.

"कोई नहीं निकालता," तो म्हणाला. "मेरा दादा मोती मोती करके रोता रहा, फिर तेल आया। बाप तेल में गया तो दादा ने उसको गाली दिया। अब मैं जाता हूँ तो बाप गाली देता है। हमारे घर में ये रिवाज है।"

हे बराच वेळ हसले. नंतर उगाच पळी आमटीत बुडवत बसले.

माझी नोकरी लागली ती याच सुमारास. लग्नाआधी मी मुंबईत एका जहाज कंपनीत टेलेक्स ऑपरेटर होते. लग्नानंतर ती बोटं पोळ्या लाटण्यात मुरली. समुद्र बुजवून उभ्या राहिलेल्या एका बँकेत टेलेक्स चालवणारं माणूस हवंय, असं सिस्टरना कुणा पेशंटकडून कळलं. सिस्टरनी मला विचारलंही नाही. माझं नाव देऊन आल्या. "वहिनी, तुम्ही घरात अशा फिरता, वॉर्डातला पेशंटसुद्धा एवढा फिरत नाही. जरा कुठे तरी बसा."

बँकेत मी बसले. यंत्रासमोर बसल्याबरोबर बोटांना सगळं आठवलं, मलाच आठवायला थोडा वेळ लागला. यंत्रातल्या कागदावर समोरून लंडन बोलायचं, न्यूयॉर्क बोलायचं, आणि मी, जिला हूऱ्याच्या मासळीवाल्याशी धड घासाघीस करता येत नव्हती, त्यांना उत्तरं टाइप करून पाठवायचे. आठवडाभर मी घरात जरा ताठच वावरले. मग सुट्टीचा विषय निघाला. बँकेचे वार लंडनचे. शनिवार-रविवार सुट्टी, शुक्रवारी काम.

म्हणजे साऱ्या बहारीनला सुट्टी त्या दिवशी मी यंत्रावर, आणि रविवारी हे टँकावर, आमची मुलगी शाळेत, मी घरात एकटी. त्यात रविवारी माझा उपास. एवढी वर्षं वार फिरवून मी मोठी हुशारी केली होती. सुट्टी मिळाली ती नेमकी साबुदाण्याची. इस्त्री केलेल्या कपड्यांना पुन्हा इस्त्री करायची, गॅलरीत जायचं, क्रेन बघायच्या, आत यायचं. सिस्टर म्हणाल्या ते खरं होतं. मला बसता येत नाही, ही एक जुनीच खोड आहे.

शुक्रवारी मटण आता हे करायचे. रस्सा किती हे त्यांना बुडवून अचूक कळायचं. तिखट किती हे मात्र त्या विद्येत नव्हतं. संध्याकाळी मी बँकेतून यायचे तेव्हा दोघं जेवून, नाकातून पाणी गाळत बसलेले असायचे. मुलगी आठ-नऊ वर्षांची. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत सांगायची.

"कसं झालं होतं गं?"

"इट वॉज फायर, आई."

हे सगळं हसण्यावारी नेता येण्यासारखं होतं आणि आम्ही नेतही होतो. पण एका दुपारी हे रिफायनरीतून नेहमीपेक्षा लवकर आले, बूट न काढता खाटेवर बसले आणि म्हणाले, "माझं काँट्रॅक्ट पुढे वाढवणार नाहीत. आता इथल्याच मुलांना टँकावर घेणार."

"वाईट वाटलं?"

"वाईट कशाचं? त्यांचं तेल, त्यांची मुलं. मीच शिकवलीत ती." मग म्हणाले, "चांगली शिकवलीत."

आमच्या तिघांचा व्हिसा या एका नोकरीवर उभा होता. ती गेली की आम्ही तिघं परत. मी दुसऱ्याच दिवशी आमच्या बँकेतल्या कर्मचाऱ्यांचं बघणाऱ्या साहेबांकडे गेले. मला वाटत होतं, आता माझी नोकरी आहे ना! बँकेला मी हवी होते, साहेबांनी तसं दोनदा सांगितलं. माझा व्हिसा करून देतील, मुलीचंही बघता येईल. "पण बायकोच्या व्हिसावर नवऱ्याला ठेवता येत नाही, मॅडम," ते म्हणाले. अगदी हळू आवाजात म्हणाले, जणू यांना काही आजार निघालाय.

म्हणजे नव्या बहारीनला मी हवी होते आणि जुन्या बहारीनला हे नको होते. मध्ये मुलगी. एक तर तिघांनी गाशा गुंडाळायचा, नाहीतर यांनी साताऱ्याला आणि आम्ही मायलेकींनी इथे राहायचं. तिसरी वाट एकच होती. काँट्रॅक्ट संपायच्या आत यांनी दुसरी नोकरी धरायची, आणि नोकऱ्या निघत होत्या त्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात. तो बहारीनी मित्र रोज निरोप पाठवत होता, यल्ला, चल, ये.

हे ऐकायला तयार नव्हते.

"तेल सोडून म्हणे नवा धंदा!" यांचा आवाज चढला. "तो कारखाना चालतो विजेवर. वीज कशावर? गॅसवर. गॅस कुठून येतो? माझ्याच पायाखालून. आणि तुझी बँक कुणाचा पैसा फिरवते? शेजारच्यांचा तेलाचाच ना? सिगरेट सोडून तपकीर ओढायला लागलेत सगळे, आणि म्हणतात व्यसन सुटलं!"

पुढे काही वर्षांनी तेलाचा भाव पडला तेव्हा माझ्या बँकेतही भराभरा टेबलं रिकामी झाली, म्हणजे यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण बरोबर असून भागत नाही, व्हिसा लागतो.

"मग ओढा की तपकीर," मी म्हटलं. "पण इथे राहा."

"मला चुलीसमोर उभं राहायची सवय नाही."

"मला होती. मोडता येते, तशी लावताही येते."

हे उठून गॅलरीत गेले. मीही पाठोपाठ गेले, कारण भांडण अर्धं टाकून बसून राहणं मला जमत नाही. तिथे दोघांना उभं राहायला जागा नव्हती, म्हणून हे आत आले, मग मीही. मुलगी पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाली, "कॅन यू बोथ प्लीज सिट डाउन?" आम्ही दोघंही बसलो, आणि दोघंही लगेच उठलो.

ते दिवस असेच गेले. मी बँकेत टेलेक्स पाठवायचे आणि मन घरी. यंत्र खडखडत असताना वाटायचं, आत्ता हे तिकिटांची चौकशी करत असतील. घरी आले की यांच्या चेहऱ्याकडे बघायचे. हे कपाटावरची बॅग खाली काढायचे, झटकायचे, परत वर ठेवायचे. एकदा मी विचारलं, "जाणार असाल तर सांगून जा." तर म्हणाले, "धूळ बसली होती."

शेवटी मित्रच आला. जेवला नाही, सूप प्यायला, आणि म्हणाला, "भाभी, कल मैं इसको लेके जाता है। देखने का पैसा नहीं लगता।"

दुसऱ्या दिवशी ते गेले तेव्हा मी बँकेत होते. संध्याकाळी जिना चढले तर सिस्टरच्या दाराशी यांच्या चपला. आत हे खुर्चीवर बसलेले, उजवा हात सिस्टरच्या मांडीवर, आणि सिस्टर त्यांच्या अंगठ्याला मलमपट्टी करताहेत. मित्र भिंतीला टेकून हसू दाबतोय. मला धड रागही येईना नि रडूही.

झालं ते मित्रानं अभिनय करून सांगितलं. त्या कारखान्यात लांबच लांब शेड असतात आणि त्यांत रांगेनं मोठाल्या भट्ट्या, त्यांना ते पॉट म्हणतात. परदेशातून आलेली पांढरी पूड त्यांत घालून वीज सोडतात, म्हणजे खाली ॲल्युमिनियम वितळून साठतं. आत उष्मा असा की भिवया आखडून येतात. हे आत शिरले ते नाक वर करूनच. तेलाचा वास नाही, काही नाही, ही कसली जागा, असा चेहरा. इतक्यात एक कामगार आला, त्यानं पॉटवरचा थर फोडला, एक लांब लोखंडी सळी आत उभी बुडवली, बाहेर काढली आणि तिच्यावरची रेघ बघून आत धातू किती भरलाय ते ओरडून सांगितलं.

"ये आदमी खड़ा रह गया," मित्र म्हणाला. "मुँह खुला। जैसे अपना भाई मिल गया!"

यांनी फोरमनला विचारलं, मी करून बघू? त्यानं सळी दिली, जाड हातमोजे दिले. यांनी सळी बुडवली, हात न हलवता धरली, सरळ वर काढली, पहिल्याच फटक्यात. रेघ स्पष्ट उठली. फोरमन मान डोलवायला लागला. आणि मग यांनी, इतक्या वर्षांची सवय ती, डाव्या हातानं उजवा हातमोजा ओढून काढला आणि सळीवरून अंगठा फिरवला.

"मैं चिल्लाया, मफी! मफी! नहीं! अरे छोड़!" मित्रानं दोन्ही हात डोक्याला लावले. "इसने अंगूठा मुँह में डाला। लेकिन भाभी, अंगूठा मुँह में है और नंबर बोलता है! नंबर एकदम सही!"

"फोरमन काय म्हणाला?" मी विचारलं.

"बोला, इसको आज ही ले लो। नहीं तो दूसरी जगह जाके दूसरा भी जलाएगा।"

सिस्टरनी पट्टीला गाठ मारली. "भाऊ, वहिनींनी तुम्हाला एवढं पण नाही शिकवलं? गरम तव्याला कोणी हात लावतं काय?"

मला वाटलं, आता हे नाही म्हणतील. पट्टी बांधलेला अंगठा उभा धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तिथंही बुडवूनच बघतात गं," ते म्हणाले.

मी मान हलवली आणि घरात निघून गेले. आत जाऊन मी पहिल्यांदा काय केलं असेल तर कपाटावरची ती बॅग काढून खाटेखाली अगदी भिंतीपर्यंत ढकलली.

कागदपत्रांना वेळ लागला. रोज काहीतरी एक शिक्का राहिलेला असायचा, आणि मित्राचं उत्तर एकच, इंशाल्ला. त्या शब्दावर मी त्या काळात जेवढी चिडले तेवढी आयुष्यात कशावर चिडले नसेन. जुनं काँट्रॅक्ट संपायला आलं, आणि अगदी कडेवर नवा व्हिसा झाला. आम्ही तिघंही त्यात होतो. मी पासपोर्ट उघडून तिघांची पानं बघितली, मुलीनंही बघितली. "सो वुई आर स्टेइंग?" तिनं विचारलं. "हो," हे म्हणाले.

कारखान्याच्या भट्ट्या कधी बंद होत नाहीत. यांना शिफ्ट लागली. काही दिवस पहाटेची, काही दिवस दुपारची, काही दिवस रात्रीची, आणि सुट्टी येईल त्या वारी. माझी सुट्टी लंडनची, मुलीची शाळेची, यांची भट्टीची. सणाला आम्ही तिघं तीन वेगवेगळ्या वेळी आरतीला जायचो, बायका विचारायच्या, "आज तुमच्यापैकी कोण?" मुलगी सकाळी उठली की आधी दारातल्या चपला बघायची आणि घरात कोण आहे ते ओळखायची. एकत्र राहण्यासाठी एवढा आटापिटा केला आणि एकमेकांना भेटायचो ते जिन्यात.

सुरुवातीच्या त्या महिन्यांत एकदा मात्र जमून आलं. कुठला तरी मंगळवार होता. माझ्या बँकेला कसलीशी परदेशी सुट्टी, शाळेला सुट्टी, आणि यांची रात्रपाळी संपून दिवस मोकळा. मी आदल्या दिवसापासून बेत करत होते. सकाळी हे आले, अंघोळ केली, आम्ही तिघं जेवायला बसलो. मी इतकं वाढलं की ताटात हात घालायला जागा नव्हती. मुलगी म्हणाली, समुद्रावर जाऊ. मी म्हटलं, आधी सिस्टरकडे जाऊ. हे म्हणाले, जाऊ, सगळीकडे जाऊ, फक्त जरा पाठ टेकतो. भिंतीला टेकले आणि तिथेच झोपले. तोंड उघडं, भिवया भट्टीनं पिंगट झालेल्या.

मी त्यांना उठवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मुलीनं ताटं उचलली, एकावर एक न ठेवता, एकेक करून, वाजू नयेत म्हणून. मी पडदा ओढला. बाहेर समुद्रात भर घालणारे ट्रक घरघरत होते, म्हणून खिडकीही लावली. मग आम्ही दोघी त्यांच्या दोन बाजूंना बसलो, आणि ती चक्क मराठीत, माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आई, आता तू पण हलू नकोस."

माझा पाय तेवढ्यातही हलत होता. मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.